कारण तोंडी सांगेन

सात महिने खपून केलेलं तिचं काम मंगळवारी सकाळी सव्वानऊला बंद करण्यात आलं, आणि तिला ते कळलं अकरा वाजता, चहाच्या मशीनपाशी, भलत्याच टीममधल्या एका माणसाकडून.

"तुमची ती बाहेरकाढणी गुंडाळली म्हणे?" तो साखर ढवळता ढवळता म्हणाला, जसं काही पावणेबाराची बस रद्द झाली म्हणे.

तिने कप मशीनखाली तसाच सोडला आणि तडक थंडोबाची खोली गाठली.

थंडोबा म्हणजे तिचा मॅनेजर. त्याचा आवाज चढलेला आजवर कुणी ऐकला नव्हता. माणसाला नोकरीवरून काढायचं असलं तरी तो आधी खुर्ची पुढे करी. म्हणून हे नाव, अर्थात त्याच्यामागे. तिलाही ऑफिसात एक नाव होतं: दुबार. कुठलंही काम दुबार होताना दिसलं की तिच्या डोक्यात तिडीक जाई. एकाच पत्राच्या दोन प्रती निघाल्या तरी ती प्रिंटरशी भांडायची. हे नाव तिच्या तोंडावर घेत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

कंपनीचा धंदा म्हणजे एक भाषा. प्रोग्राम लिहायची भाषा, आणि त्या भाषेतलं लिखाण मशीनच्या पचनी पाडणारा कंपायलर. भाषा फंक्शनल वळणाची होती. तिच्यात एखाद्या गोष्टीचं उत्तर एकदा ठरलं की ठरलं, मागाहून ते कुणाला बदलता येत नाही. तेव्हा एखादं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एखादा तुकडा, हजारदा चालत असेल आणि त्याच्या पोटात दर वेळी तेच गणित सुटत असेल, तर कंपायलरने ते गणित उचलून फंक्शनच्या बाहेर ठेवावं. एकदाच सोडवावं, उत्तर जपावं, हजारदा वापरावं. हा उचलण्याचा टप्पा तिने लिहिला होता. टीममध्ये त्याला कापणी, मळणीच्या चालीवर बाहेरकाढणी म्हणत. नवऱ्याला तिने सांगितलं होतं, "वर्गात साठ मुलं आहेत म्हणून तू फळ्यावर साठदा नकाशा काढतोस का? एकदा काढतोस. तसं." नवरा भूगोलाचा शिक्षक. त्याला पटलं.

"बसा ना," थंडोबा म्हणाला.

"मी बसायला आले नाहीये. मला न विचारता बंद केलंत?"

"तक्रार नऊला आली. तुम्ही नव्हतात."

"मी साडेनऊला आले!"

"तोवर बंद केलं होतं." त्याने पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. "पाणीपुरवठ्याकडून फोन होता. आपल्याच शहराच्या. त्यांचे पंप चालवणारा प्रोग्राम आपल्या भाषेत आहे. बारा दिवसांपूर्वी त्यांनी नवा कंपायलर घेतला, आणि तेव्हापासून तो प्रोग्राम दर नऊ तासांनी मेमरी भरून मरतो. पुन्हा उठायला चार मिनिटं घेतो. तेवढा वेळ पंप बंद. त्यांना जुना कंपायलर परत पाठवलाय, परवा बसवतील."

"त्यात माझा काय संबंध? माझ्या टप्प्याने मशीनचं काम कमी होतं. वाढत नाही."

"असेलही."

"असेलही म्हणजे? मोजून बघा! नकाशे छापणाऱ्या कंपनीचा प्रोग्राम चाळीस टक्के कमी वेळात संपतो. चाळीस! त्यांनी पत्र पाठवलंय."

"तेही वाचलंय मी," थंडोबा शांतपणे म्हणाला. "सोमवारी मीटिंग आहे. ठेवायचं की कायमचं काढायचं, तुम्हीच सांगा. पण कारणासकट."

भांडायला गेलेल्या माणसाला समोरून भांडणच मिळू नये, याच्यासारखा ताप नाही. ती पाय आपटत परत आली. मशीनखालचा चहा दुसऱ्याच कुणीतरी नेला होता.

घरीही सुख नव्हतं. दहा-बारा दिवस नळाचा गोंधळ चालला होता. दिवसातून दोन-तीनदा पाणी जायचं, नळ नुसता फुसफुसायचा, आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा धो धो. मंगळवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा तिसऱ्यांदा नळ उघडून बसला होता. ओट्यावर पाना, चकत्या, दोऱ्याचं रीळ. आणि चेहरा असा की आताच कुणाला तरी फाडून खाल्लंय.

"वॉशर बदल," ती पर्स टाकत म्हणाली. हेच ती गेल्या मंगळवारीही म्हणाली होती.

"दोनदा बदललं. वॉशरचा प्रश्नच नाही. खालचे काका चोरून मोटर लावतात."

"कशावरून?"

"ते पहिल्या मजल्यावर, आपण तिसऱ्या. उताराचा नियम आहे. मी आज सरळ जाऊन सांगितलं त्यांना, काका, या वयात हे शोभत नाही. जिन्यात चार माणसांसमोर सांगितलं."

"अरे, त्यांनी काय म्हटलं?"

"कानावर हात ठेवले. म्हणाले, मोटर दाखव. मी म्हटलं, दार उघडा. त्यांनी दार लावून घेतलं. झालं की सिद्ध!"

तिचं लक्ष निम्मंच होतं. निम्मं अजून थंडोबाच्या खोलीत होतं.

बुधवारी सकाळी ती बस पकडून पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये गेली. कुणी बोलावलं नव्हतं. पण घरबसल्या उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा डोळ्यांनी बघितलेलं बरं, असं तिने ठरवलं. मनातून तिची खात्री होती की दोष त्यांच्याच यंत्रात निघेल आणि ती तोऱ्यात परत येईल.

खोली तळघरात होती. बाजूच्या हॉलमधून पंपांची घरघर येत होती, एकसारखी, पायांच्या तळव्यांत जाणवणारी. एका भिंतीवर शहराचा मोठा नकाशा होता आणि गल्लीगणिक त्यावर एकेक हिरवा दिवा. त्याच्याखाली डब्याएवढी एक पेटी स्क्रूने भिंतीला ठोकलेली. पंपांचं सगळं डोकं त्या पेटीत.

कंट्रोल रूम सांभाळणाऱ्या इंजिनिअर बाई निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या, जाड भिंगांच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बोलायला मोकळ्या होत्या.

"वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. "आज पहाटे चार वीसला मेली होती. म्हणजे आता एक वीसला. बसा, बघा. तुम्ही पाहुण्या असलात तरी ती लाजणार नाही."

दोघी बसल्या. तिने आपला लॅपटॉप पेटीला जोडला आणि मेमरीचा आलेख लावला. रेघ वर चढत होती. उड्या नाहीत, धक्के नाहीत, गोगलगायीसारखी, पण चढत होती. साडेबाराला ती रेघ छताच्या बोटभर खाली होती. इंजिनिअर बाईंनी डबा उघडला आणि तिच्यापुढे अर्धी पोळी-भाजी केली. तिने पोळी हातात धरली आणि रेघेकडे बघत राहिली.

एक वाजून एकोणीस मिनिटांनी पेटीवरचा दिवा लाल झाला. शेजारची घरघर आधी जड झाली, मग खोल गेली, मग थांबली. खोली एकदम एवढी शांत झाली की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. नकाशावर वरच्या कोपऱ्यातले दिवे एकामागून एक पिवळे पडायला लागले.

"पहिला फटका नेहमी वरच्या वस्तीला," इंजिनिअर बाई म्हणाल्या. "खालच्यांच्या नळात दाब राहतो थोडा. वरचे मात्र बिचारे. तिथले एक सर रोज फोन करतात. भूगोल शिकवतात म्हणे. मला उताराचा नियम समजावून सांगतात."

ती उठून नकाशाजवळ गेली. पिवळ्या दिव्यांतला तिसरा दिवा तिच्या गल्लीचा होता.

"काय झालं? ओळखता का त्यांना?"

"ओळखते थोडंफार," ती म्हणाली.

तिच्या टप्प्याने काय केलं होतं, ते शोधायला तिला पुढचा दीड तास लागला. पंपांचा प्रोग्राम फार वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिला होता आणि तो माणूस कधीच सोडून गेला होता. त्यात एक फंक्शन होतं, दर सेकंदाला चालणारं. आत्ता कुठला पंप चालू हवा, हे ठरवायला ते पेटी सुरू झाली त्या क्षणापासून सेकंदासेकंदाची एक यादी बनवत आत्तापर्यंत येई, शेवटचं नाव वाचे, आणि सगळी यादी फेकून देई. पुढच्या सेकंदाला पुन्हा पहिल्यापासून. यादीला शेवट नव्हता. लागेल तेवढीच ती उलगडायची.

असलं गाढवकाम तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. दुबार नव्हे, लाखबार.

"इतके दिवस हे चाललं कसं?" तिने विचारलं.

"दर रविवारी आम्ही पेटी बंद करून पुसतो. धूळ फार असते ना इथे. मग पुन्हा पहिल्यापासून. चाललं की छान."

आणि तिच्या बाहेरकाढणीने नेमकं तेच गाढवकाम हेरलं होतं. दर सेकंदाला तीच यादी? मग ती बाहेर काढा, एकदाच बनवा, जपून ठेवा. कंपायलरने ती जपून ठेवली. आधी यादी बनत होती आणि मरत होती, म्हणून जागा लागत नव्हती. आता ती मरत नव्हती. सेकंदागणिक एक घर पुढे वाढत होती, आणि तिला मरू न द्यायचा हुकूम बाहेरकाढणीचा होता. नऊ तासांत बत्तीस हजार घरं. पेटीची मेमरी तेवढीच.

टप्पा बरोबर चालला होता, हेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं. चूक सापडली असती तर तिने ती दुपारी तीनपर्यंत दुरुस्त केली असती. इथे दुरुस्त करायला चूकच नव्हती.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. जेवणं उरकायच्या आधीच सांगितलं, कारण नंतर धीर झाला नसता. तो वह्या तपासत होता. ऐकता ऐकता त्याचं लाल पेन थांबलं.

"म्हणजे आपला नळ तू बंद केलास?"

"मी नाही. माझ्या टप्प्याने."

"टप्पा कुणाचा?"

"माझा."

"आणि मला म्हणत होतीस वॉशर बदल."

त्याने वही मिटली. मग उठला, शर्ट बदलला, केस विंचरले. "जाऊन येतो खाली," तो म्हणाला. "तू नको येऊस. अपमान मी केला होता." वीस मिनिटांनी तो परत आला. काकांनी दार अर्धवट उघडून ऐकून घेतलं होतं आणि 'ठीक आहे' एवढंच म्हटलं होतं. काकू मात्र आतून म्हणाल्या होत्या, जिन्यात बोललात ते जिन्यातच परत घ्या. तेव्हा शनिवारी चार माणसं जिन्यात असताना त्याला ते पुन्हा म्हणायचं होतं.

"दोनदा माफी," तो म्हणाला. "तुझ्या भाषेत दुबार."

ती हसली नाही. तोही हसत नव्हता.

गुरुवार आणि शुक्रवार तिने नियम शोधण्यात घालवले. पहिला नियम: याद्या बाहेर काढायच्याच नाहीत. तसं करून तिने सगळ्या चाचण्या चालवल्या. पंप वाचले, पण नकाशेवाल्यांचे चाळीस टक्के तीनवर आले, कारण त्यांचा सगळा फायदाच एका यादीत होता. दुसरा नियम: फार दूर काढायचं नाही, एकच पायरी बाहेर. पंप वाचले, पण आणखी दोन ठिकाणी मेमरी फुगली, जिथे आधी फुगत नव्हती. तिसरा नियम: लहान यादी काढायची, मोठी नाही. हा ऐकायला सगळ्यात शहाणा, आणि सगळ्यात कुचकामी. यादी किती लांब होणार, हे प्रोग्राम चालवल्याशिवाय कळत नाही, आणि कंपायलरला ते चालवायच्या आधी ठरवायचं असतं. तिने अंदाजाचं एक सूत्र बसवलं. सूत्र दहापैकी सात वेळा बरोबर यायचं. उरलेल्या तीनांत पंप होते.

शुक्रवारी दुपारी फळ्यावर सात नियम लिहिलेले होते आणि सातही खोडलेले. शेजारच्या टेबलावरचा एक जण म्हणाला, "आठवा लिहा ना, दुबार. जागा आहे अजून."

तिने डस्टर फेकून मारलं नाही, हेच त्याचं नशीब.

मग तिला जुन्या नोंदी बघायची बुद्धी झाली. कंपायलरमध्ये आजवर झालेला प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला, का केला याची नोंद राहते. एखाद्याने यापूर्वी असा काही नियम बसवून पाहिला असेल, म्हणून ती शोधत गेली. तीन वर्षं मागे, सहा वर्षं, दहा वर्षं. चौदा वर्षांपूर्वीच्या एका नोंदीपाशी तिचा हात थांबला.

बाहेरकाढणी. अख्खी. तिने सात महिन्यांत लिहिलेला टप्पा कुणीतरी चौदा वर्षांपूर्वी अकरा दिवसांत लिहिला होता. तिच्याइतका नीटनेटका नव्हता, पण तोच. आणि चार महिन्यांनी त्याच माणसाने तो समूळ काढून टाकला होता. 'का केला' याच्या जागी एकच ओळ होती:

काढलं. कारण तोंडी सांगेन.

खाली मूळपुरुषाची सही.

मूळपुरुष म्हणजे या कंपायलरची पहिली ओळ लिहिणारा माणूस. गेल्या वर्षी निवृत्त झाला होता. निरोपाच्या दिवशी ती त्याच्या शेजारीच बसली होती. मी आता बाहेरकाढणी लिहायला घेणार आहे, असं तिने त्याला आपल्या तोंडाने सांगितलं होतं. आणि तो म्हणाला होता, "छान."

छान!

शनिवारी दुपारी ती त्याच्या दारात उभी राहिली. तो आता मुलीकडे राहत होता. दार त्यानेच उघडलं. अंगावर लाकडाचा भुसा, कानामागे पेन्सिल. निवृत्तीनंतर सुतारकाम धरलं होतं. मागच्या खोलीत चार स्टुलं होती, चारही डुगडुगणारी. त्यातल्या एकावर त्याने तिला बसवलं.

"चौदा वर्षांपूर्वी तुम्ही बाहेरकाढणी लिहिली होती," तिने प्रस्तावना न करता सुरुवात केली.

तो रंधा पुसत होता. पुसतच राहिला. "सापडली वाटतं."

"काढून का टाकली?"

"छापखान्याचं एक मशीन होतं. रोज दुपारी मेमरी भरून अडकायचं. एक यादी होती त्यात..."

"बाहेर काढल्यावर मरायचीच नाही."

"हो."

"मग तुम्ही नियम शोधले असतील. याद्या काढायच्याच नाहीत. एकच पायरी. लांबीचा अंदाज."

"अंदाजाचं सूत्र चांगलं होतं माझं," तो म्हणाला. "दहात आठ वेळा बरोबर यायचं."

"माझं सात वेळा येतं!" ती जवळजवळ ओरडली. "तेसुद्धा सात महिने घालवून! तुम्ही लिहून का नाही ठेवलंत? तोंडी सांगेन म्हणजे काय? कुणाला सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही."

"विचारायला कुणाला माहीत होतं?"

त्याने रंधा खाली ठेवला. मान खाली घालून भुसा चिमटीत घेऊन सोडू लागला. "तीनदा लिहायला बसलो होतो," तो म्हणाला. "दर वेळी दोन ओळी व्हायच्या आणि वाटायचं, हे काय, मी हरलो एवढंच तर आहे. कंपायलर माझा, आणि त्यातच मी लिहून ठेवायचं की मला हे जमलं नाही? म्हटलं, कुणी विचारलं तर तोंडी सांगू. तोंडी सांगितलं की वाऱ्यावर जातं. लिहिलेलं राहतं."

"आणि मी सांगितलं तेव्हा? निरोपाच्या दिवशी? छान म्हणालात."

"मला वाटलं, तुला जमेल. तू माझ्यापेक्षा नेटाची आहेस."

"मला जमेल असं वाटलं, म्हणून पुढे खड्डा आहे हे सांगितलं नाहीत?"

त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि परत तिथेच खोचली. तिला वाटलं होतं, बोलून टाकलं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. समोर सत्तरीकडे झुकलेला एक माणूस भुशात बसला होता आणि त्याच्यावर रागावणं काही सोपं काम नव्हतं. स्टूल डुगडुगलं, ती सावरून बसली.

"शेवटी काय वाटलं तुम्हाला?" तिने जरा खालच्या आवाजात विचारलं. "चार महिने घासल्यावर?"

"हेच, की कंपायलरला हे कळणार नाही. कधीच नाही. ठेवावं की टाकून पुन्हा बनवावं, हे ज्याने प्रोग्राम लिहिला त्यालाच माहीत. त्याला विचारायची सोय हवी. मी ती केली नाही, कारण तेव्हा मला वाटायचं, माणसाला विचारावं लागलं तर कंपायलर कसला?"

"पंपांचा प्रोग्राम लिहिणारा माणूस सोडून गेलाय."

"मग कंपायलरने गप्प बसावं," मूळपुरुष म्हणाला. "खात्री असेल तेवढंच उचलावं."

निघताना तो जिन्यापर्यंत आला. "रागावलीस?"

"हो," ती म्हणाली. खोटं कशाला बोला.

रविवारी ती घरी असूनही नसल्यासारखीच होती. सोमवारी दहाला मीटिंग झाली. तिने सांगितलं ते असं: आकडा, अक्षर, दोन-चार गोष्टींची जोडी, असं ज्याचं आकारमान आधीच ठाऊक आहे तेच कंपायलर आपणहून बाहेर काढेल. यादीला किंवा वाढू शकणाऱ्या दुसऱ्या कशालाही तो हात लावणार नाही. ते बाहेर काढून जपायला हवं असेल, तर प्रोग्राम लिहिणाऱ्याने तिथे स्वतः 'ठेव' असा शब्द लिहायचा. जबाबदारी त्याची.

"यात फायदा किती उरतो?" थंडोबाने विचारलं.

"आपणहून जो मिळत होता त्याचा तिसरा हिस्सा."

"आणि बाकीचे दोन?"

"लोकांनी शब्द लिहिला तर."

"लिहितील?"

"नाही लिहिणार," ती म्हणाली. "निम्म्यांना तो आहे हेच कळणार नाही."

थंडोबाने मान डोलावली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "हेच सात महिन्यांपूर्वी केलं असतं, तर दोन आठवड्यांत झालं असतं, नाही?"

खोलीतले पाच जण तिच्याकडे बघत होते. ती पाणी प्यायली. "झालं असतं," ती म्हणाली. आणि मग तिला राहवलं नाही. "पण ते कळायलाच सात महिने लागले. आणि त्याआधी चार महिने, ते आणखी एकाचे. म्हणून मी जे फसलं तेही सगळं लिहिणार आहे. सातही नियम. कुठे, कसे आणि कुणाचे नळ बंद करून फसले, ते. त्यासाठी मला आठवडा हवा, आणि तो काम म्हणूनच धरायचा."

"आठवडा जरा..."

"आठवडा," ती म्हणाली.

थंडोबाने पहिल्यांदाच वाद घालता घालता सोडून दिला.

लेख तेवीस पानांचा झाला. मूळपुरुषाला तिने तो वाचायला पाठवला होता, जरा खुन्नस म्हणूनच. त्याने आठ ठिकाणी दुरुस्त्या केल्या, छापखान्याच्या मशीनची दोन पानं स्वतः लिहून जोडली, आणि तळाला स्वतःचं नाव घालू का, असं विचारलं. तिने घाला म्हणून कळवलं. राग पुरता गेला नव्हता, पण त्याची दोन पानं तिच्या एकवीस पानांपेक्षा बरी उतरली होती, हे तिला मान्य करावं लागलं.

पंपांचा प्रोग्राम इंजिनिअर बाईंनी तिच्याच मदतीने बदलला. मागच्या सेकंदाचं उत्तर हाताशी धरायचं आणि त्यावरून पुढचं काढायचं, यादीच नको. एकूण सहा ओळी. जुन्या कंपायलरवरही चालला, नव्यावरही. बाईंनी फोनवर विचारलं, "एवढंच होतं?" तिने हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ टेबलावर बोटं आपटत बसली.

महिन्याभरात 'ठेव' हा शब्द फक्त चौघांनी वापरला. नकाशेवाल्यांनी योग्य जागी वापरला आणि त्यांचे चाळीस टक्के परत आले. दोघांनी वापरून काही फरक पडला नाही. चौथा माणूस एका कॉलेजचं वेळापत्रक बनवायचा. त्याचा सकाळी सकाळी फोन आला.

"तुमचा तो शब्द फसवा आहे," तो तणतणत म्हणाला. "सांगितल्याप्रमाणे लिहिला, आणि प्रोग्राम उठायच्या आधीच मेला."

"किती ठिकाणी लिहिलात?"

"सगळीकडे. चारशे बारा ठिकाणी. जपायचं तर सगळंच जपावं म्हटलं."

तिने डोळे मिटले. तेवीस पानांतलं दुसरंच वाक्य होतं की सगळीकडे लिहू नका. ती एक ते दहा आकडे मोजणार होती, चारपर्यंत पोचली.

"प्रोग्राम पाठवून द्या," ती म्हणाली. "नाही, थांबा, पाठवू नका. समोर उघडा. मी सांगते तसं बघत जायचं. पहिली फाइल. वरून सुरू करू या. यादी दिसली की थांबा आणि मला सांगा, ती कशाची आहे, आणि तुम्हाला ती उद्या लागणार आहे का."

"ही वर्गखोल्यांची आहे," तो म्हणाला. "लागणार."

"किती खोल्या?"

"अडतीस."

"मग ठेवा. पुढची."